ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर: घेण्याआधी आणि अडकल्यावर विचारले जाणारे प्रश्न

हा गेम मी एकदा पूर्ण खेळलो आणि एकदा अर्ध्यावर सोडला. तेव्हापासून मित्र, मित्रांचे धाकटे भाऊ आणि एक मावसबहीण आलटून पालटून तेच प्रश्न विचारतात. एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो. गोष्टींचे शेवट फोडलेले नाहीत. फक्त अगदी शेवटच्या प्रश्नात थोडं सांगितलंय, तिथे आधी सावध करतो.

हा गेम नेमका आहे काय?

जपानी वळणाचा रोल-प्लेइंग गेम (पात्रांची भूमिका घेऊन, त्यांना हळूहळू ताकदवान करत गोष्ट पुढे न्यायची), ज्याला सगळे जेआरपीजी म्हणतात. स्क्वेअर एनिक्स आणि अक्वायर या दोन जपानी कंपन्यांनी मिळून केलेला. १३ जुलै २०१८ रोजी तो निन्टेन्डो स्विचवर आला, २०१९ च्या जूनमध्ये पीसीवर आणि २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर. प्लेस्टेशनवाल्यांना २०२४ उजाडेपर्यंत थांबावं लागलं.

ऑर्स्टेरा नावाचा खंड आहे, त्याचे आठ प्रदेश आणि आठ प्रवासी. प्रत्येकाची गोष्ट चार प्रकरणांची, म्हणजे एकूण ३२ प्रकरणं. ओफिलिया, सायरस, ट्रेसा, ओल्बेरिक, प्रिमरोझ, अल्फिन, थेरियन आणि हानिट ही नावं. रोमन लिपीतली त्यांची पहिली अक्षरं याच क्रमाने लावली की गेमचं नाव तयार होतं. मला हे तीस तास खेळून झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

२०१८ चा गेम इतका जुना का दिसतो?

मुद्दाम. पात्रं सुपर फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोच्या नव्वदच्या दशकातल्या गेमयंत्राच्या) काळातल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची, सपाट. पण ती ज्या जगात चालतात ते त्रिमितीय आहे. पाण्यावर ऊन चमकतं, कंदिलाचा उजेड भिंतीवर हलतो, आणि जवळचं व दूरचं धूसर होऊन मधला पट्टा तेवढा लख्ख राहतो. या शैलीला स्क्वेअर एनिक्सने एचडी-टूडी असं नाव दिलं आणि पुढे तिच्यात आणखी बरेच गेम केले.

लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तर हे लगेच कळेल. किल्ला झाला की आपण अंगणात पालथे पडून, एक डोळा मिटून, मावळ्यांच्या उंचीवरून बघायचो. पुढचा मावळा स्पष्ट, मागचा बुरूज धुरकट, अळिवाचं जंगल खरंच जंगल वाटायचं. ऑक्टोपाथ ६० तास तसाच दिसतो. ओफिलियाच्या फ्लेम्सग्रेस गावात बर्फ पडत असतो आणि खिडक्यांतून पिवळा उजेड येतो. तिथे मी काहीही न करता नुसता उभा राहिलोय.

खोट इतकीच की कडेचा धूसरपणा आणि काळपट कोपरे कधीकधी अती होतात. गुहांमध्ये तर वाट कुठे वळते तेच दिसत नाही. आणि गुहा बऱ्याच आहेत.

आम्ही लहानपणी असले गेम खेळलोच नाही. ही ‘रेट्रो’ मजा आम्हाला कळेल का?

मला विचाराल तर हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. गेम ज्या आठवणीवर उभा आहे ती आपली नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे गेम आले ते आठ-बिटी नकला होते. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात आत वीसेक गेम निघायचे, आणि चालेना की कॅसेटला फुंकर मारायची. त्यात पळणं होतं, उड्या होत्या, बदकं मारणं होतं. जपानी मुलं त्याच काळात चाळीस-चाळीस तासांच्या गोष्टी खेळत होती. त्या आपल्या बाजारात जवळजवळ आल्याच नाहीत, आणि आल्या असत्या तरी जपानी कुणाला वाचता येत होतं?

त्यामुळे परदेशी परीक्षक जेव्हा ‘बालपण परत मिळालं’ म्हणून दोन गुण जास्त देतात, तेव्हा ते दोन गुण आपण बाजूला ठेवायचे. मग उरतं काय? लढाई उरते, आणि ती उत्तम आहे. संगीत उरतं, चित्र उरतं. पडतं ते गोष्टीचं बांधकाम. जुन्या खेळाडूला ‘हे असंच असायचं’ म्हणून जे चालून जातं, ते आपल्याला खटकतं. आणि माझ्या मते आपल्याला खटकतं तेच बरोबर आहे.

लढाई कशी असते? आळीपाळीने मारायचं, यात थरार कसला?

मलाही आधी तसंच वाटायचं. हातघाईच्या गेमची सवय असली की समोर रांगेत उभे राहून पाळीची वाट बघणारे लोक विनोदी वाटतात.

इथे प्रत्येक शत्रूखाली ढालीचं चित्र आणि त्यात एक आकडा असतो. शेजारी काही चौकोन, त्यात प्रश्नचिन्हं. ते चौकोन म्हणजे त्या शत्रूच्या कमजोरी. शस्त्रं सहा (तलवार, भाला, खंजीर, कुऱ्हाड, धनुष्य, दंड) आणि जादूचे प्रकारही सहा (आग, बर्फ, वीज, वारा, प्रकाश, अंधार). नेमक्या कमजोरीवर घाव बसला की प्रश्नचिन्ह उघडतं आणि ढालीचा आकडा एकने उतरतो. शून्य झाला की शत्रू ‘ब्रेक’ होतो. त्याची चालू फेरीतली उरलेली चाल जाते, पुढची फेरीही जाते, आणि तोवर त्याला मार जास्त बसतो.

दुसरी गोष्ट बूस्ट. प्रत्येक फेरीला प्रत्येकाला एक गुण मिळतो, पाचपर्यंत साठवता येतो आणि एका वेळी तीनपर्यंत उधळता येतो. साध्या हल्ल्यावर तीन उधळले की एकाऐवजी चार घाव. कौशल्यावर उधळले की ते कौशल्य जबर होतं. मात्र ज्या फेरीत बूस्ट वापरला तिच्या पुढच्या फेरीचा गुण मिळत नाही.

आता समजा, समोरच्या बॉसची (प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूची) ढाल ५ आहे. पुढच्या फेरीत तो मोठा तडाखा देणार हे त्याच्या पवित्र्यावरून दिसतंय. थेरियनकडे दोन गुण आहेत, म्हणजे खंजिराचे तीन घाव. पाचातून तीन गेले, दोन उरले. सायरसकडे एका चालीत दोनदा बसणारी आग आहे, पण आग चालते का ते अजून उघडलेलं नाही. ओल्बेरिकचा भाला चालतो हे माहीत आहे, पण त्याने आत्ता बूस्ट खर्च केला तर ब्रेक झाल्यावर हाणायला गुण उरणार नाहीत. आणि वरच्या पट्टीवर दिसतंय की बॉसची पाळी ओल्बेरिकच्या आधी आहे. म्हणजे सगळं सायरसच्या आगीवर. आग लागू पडली तर तो तडाखा बसणारच नाही. नाही पडली तर दोघं तरी आडवे होणार.

काच फुटल्यासारखा आवाज करून ढाल तुटते तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसतो, अजूनही. मराठी घरात वाढलेल्यांना सांगायचं तर हे पत्त्यातल्या हुकुमासारखं आहे. हुकूम हातात असून उपयोग नाही, तो कधी टाकायचा हे कळलं पाहिजे.

मग हीच लढाई कंटाळवाणी झाली अशी तक्रार का ऐकू येते?

कारण ती सारखी होते. चालता चालता अचानक पडदा फिरतो आणि लढाई सुरू. शत्रू नकाशावर दिसत नाहीत, टाळता येत नाहीत. बॉसशी केलेली झुंज पंधरा मिनिटांची असली तरी गोड लागते, पण त्याच ढाली रस्त्यावरच्या बेडकांनाही असतात. दहावा बेडूक ब्रेक करताना जीव जातो. पहिल्या भागात लढाईचा वेग वाढवायची सोयही नाही.

उपाय: सायरसच्या विद्वान पेशातली पहिली चार कौशल्यं शिकली की एक आधारकौशल्य मिळतं. ते लावलं की अशा अचानक भेटी कमी होतात. ते सगळ्यात आधी घ्या.

आठ जणांच्या गोष्टी शेवटी एकमेकींत गुंफल्या जातात का?

जवळजवळ नाही. गेमची सगळ्यात मोठी खोट हीच.

आठ जण एकत्र प्रवास करतात, एकाच खानावळीत बसतात, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात, पण एकाच्या गोष्टीत बाकीचे नसतात. प्रकरण सुरू झालं की ज्याचं प्रकरण तो एकटा पडद्यावर. ट्रेसा एकटीच चाच्यांच्या गुहेत शिरते, एकटीच घाबरते, एकटीच ‘मी तुम्हाला सोडणार नाही’ म्हणते. मग लढाई सुरू होते आणि तिच्या मागे अचानक एक सरदार, एक चोर आणि एक धर्मसेविका उभी! लढाई संपली की तिघं गायब. धर्मसेविका ओफिलियाच्या शेजारी उभा राहून थेरियन गावातल्या म्हाताऱ्याचा खिसा कापतो आणि ती चकार शब्द काढत नाही.

आपापसात बोलतात ते छोट्या गप्पांमध्ये. प्रकरणाच्या मध्ये कोपऱ्यात एक खूण येते, बटण दाबलं की दोघांचा संवाद. त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण ते दोघं त्या वेळी चमूत असले तरच दिसतात, आणि चमूत जागा चारच.

शिवाय सगळ्या प्रकरणांचा साचा एक: गावात या, दोन प्रसंग बघा, गावात एकदा आपली खास करामत वापरा, जवळच्या गुहेत किंवा वाड्यात जा, बॉस मारा. पहिल्यांदा चालतं. आठव्यांदा तुम्ही आत शिरतानाच बॉसची खोली कुठे असेल ते सांगता.

माझा सल्ला: हा गेम कादंबरी म्हणून उघडू नका, दिवाळी अंकासारखा उघडा. आठ लेखक, एकच मुखपृष्ठ. आवडेल ती गोष्ट आधी वाचायची, एखादी अर्धी टाकली तरी अपराध नाही. मी पहिल्या वेळी कादंबरी समजून खेळलो आणि विसाव्या तासाला चिडलो.

कुणाची गोष्ट चांगली आहे?

प्रिमरोझची. तिच्या वडिलांचा खून झालाय, मारेकऱ्यांच्या अंगावर कावळ्याची खूण एवढंच तिला माहीत आहे, आणि ती खूण शोधायला खानदानी घरातली ही मुलगी वाळवंटातल्या सनशेड गावात एका नीच माणसाच्या मद्यालयात नाचते. ठिपक्यांच्या बाहुल्या असूनही तिचं पहिलं प्रकरण अंगावर येतं. लहान मुलांसमोर खेळू नका.

अल्फिन हा औषधं देणारा भोळा पोरगा. त्याची गोष्ट दोन प्रकरणं गुळमुळीत वाटते. तिसऱ्यात तो एका जखमी माणसावर उपचार करतो आणि पुढे जे होतं त्याने त्याच्या चांगुलपणालाच नख लागतं. ‘आलेल्या प्रत्येकाला वाचवायचंच का’ हा प्रश्न इतक्या साधेपणाने विचारलेला मी फार गेममध्ये पाहिलेला नाही.

ओल्बेरिकही बरा. राज्य बुडालं, जिवलग मित्रानेच राजाला मारलं, आणि हा नाव बदलून डोंगरातल्या खेड्यात राखण करत बसलाय. ट्रेसाची गोष्ट हलकीफुलकी, उन्हाळ्याच्या सुट्टीसारखी. ओफिलियाची सरळ. हानिटची शिकार लांबते. सायरस हुशार आहे, पण ‘पोरी याच्यावर भाळतात आणि याला कळतच नाही’ हा विनोद चार प्रकरणं पुरवलाय.

गावातल्या लोकांशी बोलण्यात एवढं काय आहे?

फार आहे, आणि परीक्षणांत याची दखल कमी घेतली जाते. प्रत्येक प्रवाशाला गावकऱ्यांशी वागण्याची एक खास रीत आहे. सायरस खोदून माहिती काढतो, अल्फिन गोडीने विचारतो, ट्रेसा विकत घेते, थेरियन चोरतो, ओफिलिया बरोबर यायला सांगते, प्रिमरोझ भुलवते, ओल्बेरिक द्वंद्वाला बोलावतो, हानिट जनावर अंगावर सोडते. सरळमार्गी चौघांपैकी अल्फिन, ओफिलिया आणि ओल्बेरिकला लेव्हल (लढाया जिंकून चढत जाणारी ताकदीची पायरी) पुरेशी लागते, ट्रेसाला पैसे. वाकड्या वाटेच्या चौघांपैकी सायरस, थेरियन आणि प्रिमरोझचं यश टक्क्यांवर, हानिटला लढाई जिंकावी लागते. वारंवार फसलात तर गावात नाव खराब होतं आणि मद्यालयात पैसे मोजून ते साफ करावं लागतं. (वास्तववाद म्हणतात तो हा.)

मौज अशी की सायरसने नजर टाकली की कोपऱ्यातल्या नावही नसलेल्या माणसाची चार ओळींची कुंडली उघडते. बाजारात उभा असलेला म्हातारा एके काळी काय होता, भाजीवाली रोज संध्याकाळी कुणाची वाट बघते, असं काहीबाही. मुख्य प्रकरणांपेक्षा या चार-चार ओळींमध्ये जास्त माणूसपण आहे, असं मला वाटतं. आणि हो, ओल्बेरिकला घेऊन आजीबाईंना द्वंद्वाचं आव्हान देता येतं. काही आजीबाई जिंकतात.

संगीताची इतकी स्तुती होते, ती खरी का?

खरी. यासुनोरी निशिकी यांचं संगीत आहे. चित्र जुन्या काळाचं असलं तरी वाद्यं खरी वाजवलेली आहेत, बीप-बीप नाही. एक बारकावा मुद्दाम ऐका. बॉसच्या आधी संवाद संपत आला की त्या पात्राची स्वतःची धून चढत जाते, तुम्ही शेवटचं वाक्य पुढे ढकलता आणि ती धून कुठेही न तुटता लढाईच्या संगीतात मिसळते. आठही पात्रांची धून वेगळी, पण जोड प्रत्येक वेळी बेमालूम. हेडफोन लावा.

लेव्हल वाढवण्यासाठी तेच तेच करत बसावं लागतं का?

काही प्रमाणात, हो. दुसऱ्या प्रकरणांची धोक्याची पातळी विशीच्या पुढे, तिसऱ्यांची तिशीच्या पुढे, शेवटच्यांची ४५ च्या आसपास. चमूत चौघंच आणि जे बाहेर बसतात त्यांना अनुभवाचे गुण शून्य. म्हणजे आठही गोष्टी पुऱ्या करायच्या तर सगळ्यांना आळीपाळीने फिरवावं लागतं. हा नियम जुन्या काळातून तसाच उचललाय आणि तो आज कुणाच्याही भल्याचा नाही.

पण लेव्हलपेक्षा शस्त्र महत्त्वाचं. रस्ता धोक्याचा असला तरी पळत पुढच्या गावात जा, आधी सेव्ह करा आणि थेरियनला कामाला लावा. चोरलेली एक चांगली कुऱ्हाड पाच लेव्हलांचं काम करते.

सुरुवात कुणापासून करू?

ज्याला पहिला निवडाल त्याची चारही प्रकरणं संपेपर्यंत त्याला चमूतून काढता येत नाही. म्हणून ज्याचा नेहमी उपयोग होईल असा घ्या. मी थेरियन म्हणेन. वाटेतल्या जांभळ्या पेट्या फक्त त्यालाच उघडतात. तो घरी बसला असला की त्या बघून चडफडत पुढे जावं लागतं. दुसरा पर्याय सायरस: आग, बर्फ, वीज तिन्ही त्याच्याकडे आणि सगळ्या शत्रूंवर एकदम.

जोडपेशा म्हणजे काय?

रानात देवळं सापडतात. तिथून दुसऱ्याचा पेशा जोड म्हणून घेता येतो, मात्र एक जोडपेशा एका वेळी एकालाच. पुढे चार गुप्त पेशे आहेत, त्यांच्या राखणदारांना हरवावं लागतं. गेम खरा खुलतो तो इथे. माझी आवडती जोडी: ट्रेसाला रूनलॉर्ड (त्या चार गुप्त पेशांतला एक) करायचं. त्यातल्या एका कौशल्याने फक्त स्वतःवर चालणारी कामं सगळ्या चमूवर चालतात. आणि व्यापाऱ्याचं, म्हणजे ट्रेसाच्या मूळ पेशाचं, एक कौशल्य पुढचा शारीरिक हल्ला हमखास हुकवतं. दोन्ही एकत्र केली की बॉस हात फिरवत बसतो आणि चौघांनाही काही लागत नाही. फसवणूक वाटते, पण नियमांत बसते.

इंग्रजी कितपत लागतं?

बऱ्यापैकी. मराठी किंवा हिंदी नाही. आवाज इंग्रजी किंवा जपानी निवडता येतो. अडचण हानिटची: इंग्रजीत तिला आणि तिच्या गावाला शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीसारखी भाषा दिलीय. आपल्याकडे एखाद्या पात्राने अचानक बखरीच्या मराठीत बोलायला लागावं तसं. थोडा वेळ मजा, मग डोकेदुखी.

स्विच घेऊ की पीसी?

जे घरात आहे ते. फार तगडा संगणक लागत नाही. हातात धरून, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर, स्विचवर छान जमतो. प्रकरणं तुटक असल्याचा तेवढाच फायदा.

थेट दुसरा भाग खेळला तर?

चालेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाचा खंड वेगळा, माणसं वेगळी, आधीचं काही माहीत असावं लागत नाही. दिवस-रात्र बदलता येतात, लढाईचा वेग वाढतो, दोन-दोन पात्रांची जोडप्रकरणं आहेत आणि शेवट सगळ्यांना एकत्र आणतो. पहिल्या भागाच्या तक्रारी कुणीतरी वहीत लिहून घेतल्या होत्या असं वाटतं. एकच गेम घ्यायचा असेल तर दुसरा घ्या. दोन्ही घेणार असाल तर पहिला आधी, कारण उलट क्रमाने पहिला जड जातो.

खरा शेवट वेगळा आहे म्हणे?

(इथे थोडं फुटतं. नको असेल तर थांबा.)

आठ गोष्टींमागे एक धागा आहे, पण तो गेमने अशा ठिकाणी ठेवलाय की बऱ्याच जणांना सापडतच नाही. किट नावाचा तरुण प्रवासी दिसेल तिथे त्याला मदत करत जा, आडवाटेच्या काही मोहिमा पुऱ्या करा, मग एक दार उघडतं. आत आधी आठ बॉस ओळीने. एकेक पडला की एकेक कागद मिळतो आणि तिथे कळतं की प्रिमरोझच्या वडिलांचा, ओल्बेरिकच्या राज्याचा, हानिटच्या शिकारीचा संबंध काय. कागद वाचून! आठ माणसांना एकमेकांशी बोलवता आलं असतं, ते सोडून हिशेबाची चोपडी हातात दिलीय.

त्यानंतर गाल्डेरा, सगळ्यात शेवटचा बॉस. दोन टप्पे, आठही जण दोन चमूंत वाटून. म्हणजे ज्यांना आजवर बाहेर बसवलं त्यांचंही काम पडतं. आणि आठ बॉसपासून गाल्डेरापर्यंत सेव्ह नाही.

मी पीसीवर खेळत होतो. मे महिना, रविवार दुपार. आठही बॉस झाले, गाल्डेराचा पहिला टप्पा पडला, दुसऱ्यात त्याची ढाल दोनवर आली, आणि आमच्या गल्लीतली लाईट गेली. यूपीएस नव्हता. आई आतून म्हणाली, “बरं झालं, आता तरी जेवायला ये.” मी यूपीएस पुढच्या आठवड्यात घेतला, पण त्या दाराशी परत जायला मला तीन महिने लागले.